मेडिकेडचा अर्ज भरण्याआधी

पुण्यात नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. इथे न्यू जर्सीत ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाची राहायची जागा, आणि महिन्याचं बिल पाच आकडी. मेडिकेअर, म्हणजे 65 नंतरचा सरकारी आरोग्य विमा, ते भरेल हा भ्रम आधी सोडा. हॉस्पिटलात किमान तीन दिवस रीतसर अ‍ॅडमिट राहून मग नर्सिंग होममध्ये गेलात, तर पहिले 20 दिवस फुकट, पुढे 100व्या दिवसापर्यंत रोजचा वाटा आपला, नंतर काही नाही. ‘ऑब्झर्व्हेशन’चे, म्हणजे अ‍ॅडमिट न करता नुसते देखरेखीखाली ठेवलेले दिवस मोजत नाहीत, डिस्चार्जआधीच विचारून घ्या.

पुढचा आधार मेडिकेडचा, म्हणजे कमी पुंजीवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा. त्यासाठी स्वतःच्या नावावरची मोजण्याजोगी पुंजी 2,000 डॉलरच्या आत लागते. जोडीदार घरी राहत असेल तर त्याच्यासाठी वेगळी रक्कम राखता येते आणि राहतं घर धरत नाहीत. ग्रीन कार्डवर असाल तर साधारण पाच वर्षं झालेली हवीत. ओळखीच्या कागदांत आपल्या बायकांची गंमत अशी, की लग्नात आडनावच काय, नावही बदललेलं असतं. माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा कागद, म्हणजे लग्नाचा दाखला किंवा गॅझेट, आधी शोधून ठेवा.

खरी मेहनत बँकेच्या उताऱ्यांची. मागचे 60 महिने, प्रत्येक खात्याचे. बंद केलेली खातीही आणि भारतातलं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातंही. आईच्या वेळी मी इथेच अडकलो. भाचीच्या लग्नाला पाठवलेले, गावच्या घराच्या पत्र्यांना दिलेले पैसे, सगळ्यांचा हिशेब मेडिकेडवाल्यांनी मागितला. आपल्या लेखी तो घरचा व्यवहार. त्यांच्या लेखी ती भेट. अशा रकमेला राज्याच्या ठरलेल्या रोजच्या दराने भागतात आणि तेवढे दिवस मेडिकेड पैसे देत नाही. हे दिवस पैसे दिल्यापासून नव्हे, पुंजी संपून माणूस बाकी सगळ्या अटींत बसला की सुरू होतात. ‘वर्षाला 19,000 डॉलरपर्यंत भेट चालते’ असं सांगणारे भेटतील. तो 2025चा गिफ्ट टॅक्सचा, म्हणजे भेटींवरच्या कराचा नियम, त्याचा मेडिकेडशी संबंध नाही. मोठ्या रकमांच्या पावत्या आणि कारणं तारखेनिशी लिहून काढा. सातबाऱ्यावर भावंडांबरोबर नाव असेल तर तेही लपवू नका, वकिलाला दाखवा.

वकील एल्डर लॉचाच, म्हणजे वृद्धांच्या कायद्यांतला जाणकारच हवा. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आईबाबांना समजून सही करता येतेय तोवर करून घ्या. नंतर कोर्टात त्यांच्या पालकत्वासाठी (गार्डियनशिप) अर्ज करावा लागतो.

मुलगा किंवा मुलगी नर्सिंग होमच्या आधी किमान दोन वर्षं आईबाबांच्या घरात राहून सेवा करत असेल, आणि त्यामुळेच नर्सिंग होम लांबलं असेल, तर ते घर त्या अपत्याच्या नावावर करता येतं, दंड न बसता. एकत्र राहणाऱ्या आपल्या घरांना हे फार उपयोगाचं. पण पुरावा लागतो: त्या पत्त्यावरचं लायसन्स आणि टॅक्सचे कागद, सेवेबद्दल डॉक्टरांचं पत्र. हे पत्र जुन्या फॅमिली डॉक्टरांकडून, ते निवृत्त व्हायच्या आत घ्या.