लांब पल्ल्याची शस्त्रे मित्राला वापरू द्यावीत का? वादविवादाची तयारी अशी करा

‘पुरवलेली लांब पल्ल्याची शस्त्रे मित्रराष्ट्राला शत्रूच्या हद्दीत वापरू द्यावीत’ असा विषय मिळाला की बरेच संघ युद्ध चांगले की वाईट यावर बोलत सुटतात आणि तिथेच सामना घालवतात. विषय युद्धाचा नाही, परवानगीचा आहे. अलीकडचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण युक्रेनचे, म्हणून तयारीही त्याच नकाशावर करा.

आधी एका कागदावर पाच रकाने आखा: कोणते शस्त्र, कोणते लक्ष्य, सीमेच्या किती आत, किती काळ, आणि दर हल्ल्याआधी विचारायचे की एकदाच. मे २०२४ च्या अखेरीस अमेरिकेने दिलेली परवानगी यात भरून बघा. शस्त्र हायमार्सची (ट्रकवरून डागणाऱ्या अमेरिकी लाँचरची) रॉकेट्स, लक्ष्य युक्रेनच्या खार्किव भागावर हल्ला करणारे किंवा त्याच्या तयारीत असलेले रशियन सैन्य, जागा सीमेपलीकडचा लगतचा पट्टा. त्याच लाँचरवरून सुटणाऱ्या, जास्त पल्ल्याच्या अटॅकम्स क्षेपणास्त्रांना मात्र मनाईच. ती उठल्याची बातमी आली १७ नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. बाजूने बोलणाऱ्याने आपली पायरी कोणती ते पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकावे. नाही सांगितले तर विरोधक क्रेमलिनवरचा हल्ला तुमच्या गळ्यात बांधतील आणि उरलेला वेळ तो सोडवण्यातच जाईल.

मग नकाशा आणि कंपास घ्या. इथली नेहमीची चूक म्हणजे कंपासचे टोक सीमेवर ठेवणे. लाँचर काही सीमेवर उभा करत नाहीत. तोफा आणि ड्रोन यांच्या माऱ्यातून वाचवायला तो मागे ठेवावा लागतो. ३०० किलोमीटर पल्ल्याचे अटॅकम्स आघाडीच्या ४० किलोमीटर मागून सोडले, तर पुढे उरतात २६०. स्टॉर्म शॅडो हे ब्रिटिश-फ्रेंच क्रूझ क्षेपणास्त्र विमानातून सुटते, म्हणून तिथे केंद्र विमानापाशी. त्याचा पल्ला २५० किलोमीटरहून जास्त सांगतात खरा, पण ते जमिनीलगत, हवाई संरक्षण चुकवत, वळणे घेत जाते. सरळ रेषेत मोजलेला आकडा त्याच्या कामाचा नाही. तुमच्या भाषणातला तळ या वर्तुळात बसतो का, हे घरीच पाहून ठेवा. व्यासपीठावर कळले तर उशीर झालेला असतो.

पल्ल्याइतकेच महत्त्व स्फोटक अग्राला, म्हणजे क्षेपणास्त्राच्या फुटणाऱ्या भागाला आहे, आणि हा भाग बहुतेक जण वाचतच नाहीत. १६५ किलोमीटर जाणाऱ्या जुन्या एम३९ अटॅकम्समध्ये सुमारे ९५० छोटे बॉम्ब असतात. त्याच्याच ३०० किलोमीटरच्या प्रकारात सुमारे २७५. वाढलेल्या पल्ल्याची किंमत अशी मोजलेली असते. हे छोटे बॉम्ब उघड्यावर उभी विमाने, रडार, इंधनाचे ट्रक यांचा चुराडा करतात, पण काँक्रीटच्या कोठाराला किंवा पुलाला त्यांनी विशेष काही होत नाही. तिथे स्टॉर्म शॅडोचे सुमारे ४५० किलोचे, आधी भोक पाडून मग आत फुटणारे अग्र लागते. जर्मनीच्या टॉरस क्षेपणास्त्रावरून इतका वाद झाला तोही याचमुळे: ५०० किलोमीटरहून जास्त पल्ला आणि भक्कम बांधकाम फोडण्याची ताकद, त्यामुळे रशियाला क्रिमियाशी जोडणाऱ्या केर्चच्या पुलाचे नाव लगेच निघते. तेव्हाचे जर्मन चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी ते दिले नाही. जर्मन सैनिकांचा लक्ष्य गाठण्याशी कुठेही संबंध येता कामा नये, ही त्यांची भूमिका होती.

बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा सरकत्या बॉम्बचा. रशियन विमान साधारण ४० ते ७० किलोमीटरवरून, बरेचदा आपल्याच हद्दीत राहून, पंख जोडलेला बॉम्ब सोडते आणि वळून परत जाते. बॉम्ब स्वस्त, त्याला पाडणारे क्षेपणास्त्र महाग आणि मोजकेच. मग उपाय एकच उरतो: विमान धावपट्टीवर उभे असतानाच गाठणे. हे एका दमात, क्रमाने सांगा. ‘स्वसंरक्षणाचा हक्क’ हे शब्द त्यानंतर आले तर त्यांना वजन येते.

याला विरोधकांनी भावनेने नव्हे, हिशेबाने उत्तर द्यावे. पहिले: परवानगीची चर्चा महिनोन्महिने उघड चालली, तेवढ्यात बरीचशी विमाने ३०० किलोमीटरच्या पलीकडे गेली, असे अमेरिकी अधिकारीच २०२४ मध्ये सांगत होते. दुसरे: साठा. हायमार्सवर एका वेळी सहा रॉकेट्स बसतात, पण अटॅकम्स एकच, आणि पुरवठादाराच्या कोठारातही त्यांचा ढीग नाही. तिसरे: सप्टेंबर २०२४ मध्ये सीमेपासून ४५० किलोमीटरहून दूर असलेले रशियातील तोरोपेत्सचे दारूगोळा कोठार युक्रेनने स्वतःच्या ड्रोननी उडवले. त्याला कुणाची परवानगी लागली नाही. यावर बाजूचे प्रत्युत्तर तयार हवे: विमान मागे ढकलले हाही फायदाच, कारण उड्डाण लांबते, दिवसाच्या फेऱ्या कमी होतात आणि इशाऱ्याला जास्त वेळ मिळतो.

युद्ध भडकण्याच्या मुद्द्यावर तारखा पाठ हव्यात. १२ सप्टेंबर २०२४: अशी परवानगी म्हणजे नाटो देश रशियाशी युद्धात उतरले, असे पुतिन म्हणाले. १९ नोव्हेंबर: रशियाच्या ब्रायन्स्क भागात कराचेव्हच्या शस्त्रागारावर अटॅकम्सचा हल्ला, आणि त्याच दिवशी रशियाच्या बदललेल्या अणुधोरणावर पुतिन यांची सही. २१ नोव्हेंबर: युक्रेनच्या द्निप्रो शहरावर रशियाच्या ओरेश्निक क्षेपणास्त्राचा मारा. गंमत अशी की हीच यादी दोन्ही संघ वापरू शकतात. विरोधक म्हणतील, दोन दिवसांत उत्तर आलेच. बाजू म्हणेल, आले ते युक्रेनवर, नाटोवर नाही. यादी आधी मांडणारा तिचा अर्थही आधी लावतो, म्हणून ती दुसऱ्या वक्त्यासाठी राखून ठेवू नका.

कायद्यात फार वेळ घालवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१ नुसार हल्ला झालेल्या देशाला आक्रमकाच्या भूमीवरील लष्करी लक्ष्ये, गरज आणि प्रमाण सांभाळून, मारता येतात. तेव्हा ‘हे बेकायदा आहे’ म्हणणारा विरोधक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. त्याने पुरवठादाराच्या अटींवर यावे. अमेरिकी कायद्यात दिलेले शस्त्र कशासाठी वापरायचे याच्या मर्यादा असतात, आणि १९८२ मध्ये लेबनॉनमधील वापरानंतर अमेरिकेने इस्रायलला क्लस्टर बॉम्ब देणे थांबवलेही होते. देणाऱ्याला अट घालता येते, हे तिथे सिद्ध होते. घालावी का, हा प्रश्न उरतोच.

प्रश्नोत्तरांसाठी दोन प्रश्न लिहून ठेवा. बाजूला विचारा: ‘लक्ष्याची उपग्रह माहिती कोण पुरवणार?’ उत्तर ‘पुरवठादार’ आले की ‘नाटो युद्धात उतरले’ हा पुतिन यांचा आक्षेप त्यांच्याच तोंडून आला, आणि मर्यादित सहभागाचा दावा ढिला पडला. ‘मित्रदेशच’ आले की विचारा, तशी सोय त्याच्याकडे आहे का? विरोधकांना विचारा: ‘सीमेच्या पाच किलोमीटर पलीकडून तुमच्या शहरावर तोफ डागली जात असेल, तर तिच्यावरही मारा नको?’ ‘चालेल’ म्हणाले तर लगेच पुढचा प्रश्न: मग पन्नासाव्या किलोमीटरवर काय बदलते?