संकटात विठ्ठलाला धरून कसं राहावं

गारपिटीनं द्राक्षबाग झोपली, त्या रात्री देवापुढं बसले तर तोंडातून शब्द फुटेना. म्हणून सांगते, सुरुवात मोठी करू नका. दिवेलागणीला एकच निरांजन लावा, तुळशीमाळ हातात घ्या. १०८ मणी नाही झाले तरी पहिले अकरा ओढा. मग पोटात आहे ते विठ्ठलाला मोठ्यानं सांगा: सोसायटीचं कर्ज, मुलीची फी, रागसुद्धा. तुकोबाही त्याच्याशी भांडलेच की! १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. तरी भंडारा डोंगरावर बसून त्यांनी नाम धरलं. देहूला गेलात तर तो डोंगर चढाच.

एकट्यानं जमत नसेल तर गावातल्या हरिपाठाला जा. पाठ नसला तरी चालतं; शेजारची बाई ओळ उचलते, आपण मागून म्हणायचं. माझा आवाज तिसऱ्या दिवशी फुटला, रडत रडत. निघताना कुणीतरी विचारलं, "जेवलीस का गं?" देवाचा आसरा मला तिथं कळला.

पंचनाम्याचे कागद मात्र सकाळीच तलाठ्याकडं द्या. रांगेत उभं राहूनही नाम घेता येतं.