नवा मरीन मासा आजारी आहे की नुसता बावरलाय? या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवा मासा सोडला की पहिली रात्र माशापेक्षा मालकालाच जड जाते. मासा दगडाआड गेला, खायला आला नाही, आडवा पडला, रंग उडाला. यातलं काहीही दिसलं की आजाराचीच शंका येते, आणि सकाळ व्हायच्या आत कुठलं तरी औषध पाण्यात पडलेलं असतं. याच्या उलट, अंगावर एकही ठिपका नाही म्हणून ज्याला आपण धडधाकट समजतो, तो वेल्व्हेट (सूक्ष्म परजीवीचा रोग) झालेला मासा दोन दिवसांत जातो. दोन्हीकडे गडबड एकच आहे: आपण चुकीच्या जागी बघतो.

ठिपके शोधत बसणं आणि श्वास न मोजणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वेल्व्हेट, फ्लूक (चपटे परजीवी कृमी) आणि बऱ्याचदा व्हाइट स्पॉटसुद्धा (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आधी कल्ल्यांवर बसतो; कातडीवर काही दिसेपर्यंत कल्ले निकामी व्हायला लागलेले असतात. म्हणून रोज एकदा, मासा शांत असताना, मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजा. दुप्पट करा, वहीत लिहा.

आकडा किती हवा याला एकच उत्तर नाही. लहान आणि सतत पोहणारे मासे जास्त वेगाने श्वास घेतात, शांत बसणारे कमी. मोकळा, निवांत मासा मिनिटाला ६० ते ८०च्या आसपास असेल तर काळजी नको. निवांत असूनही १२०च्या पुढे जात असेल तर मात्र थांबू नका. त्याहून उपयोगी म्हणजे त्याच माशाचा कालचा आकडा. प्रवासातून आलेल्या माशाचा श्वास पहिल्या दिवशी वाढलेला असतोच. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली यायला हवा. वर चढत गेला तर तो प्रवासाचा शीण नव्हे.

मग लगेच बाकीच्या माशांकडे बघा. सगळेच धापा टाकत असतील तर दोष पाण्यात आहे: अमोनिया, तापमान किंवा ऑक्सिजन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला की हे हमखास होतं. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण ६.२. फरक छोटा वाटतो, पण गरम पाण्यात माशाची गरजही वाढलेली असते. अशा वेळी पॉवरहेडचं (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड पृष्ठभागाकडे वळवा आणि एअर पंप लावा. एकटा नवा मासाच धापा टाकत असेल, पॉवरहेडच्या झोतात तोंड धरून उभा असेल आणि दिवे लागले की अंधारात पळत असेल, तर वेल्व्हेटचा संशय पहिला घ्या. यात दिवस नाही, तास मोजायचे असतात. एकाच बाजूचा कल्ला चालत असेल आणि दुसरा मिटलेला राहत असेल तर फ्लूक किंवा जखम.

झोपेला आणि सवयीला आजार समजणं

गोड्या पाण्यातून या छंदात आलेल्यांची इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण मरीन मासे झोपताना विचित्रच दिसतात.

यलो टँगचा पिवळा रंग रात्री फिका पडतो, अंगाच्या मध्यावर तपकिरी धब्बा आणि त्यात पांढरा पट्टा दिसतो. रात्री टॉर्च मारून बघणारा हमखास घाबरतो. निळा हिपो टँग दोन दगडांच्या फटीत आडवा घुसतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. हात घातला की सुसाट पळतो. फॉक्सफेस घाबरला किंवा झोपला की पिवळाधमक मासा मळकट तपकिरी, डागाळलेला होतो. त्याला जिवंत आहे का बघायला बोटाने ढोसू नका, त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. रॉयल ग्रामा कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो, तेच त्याचं सरळ पोहणं. ट्रिगर बिळात काटा अडकवून झोपतो. फेअरी रॅस स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष विणून झोपतो आणि सकाळी तो कोष पाण्यात तरंगताना दिसला की लोकांना वाटतं माशाची कातडी निघाली.

वाळूत शिरणाऱ्या रॅसबद्दल जरा जास्त सांगायला हवं. लेपर्ड रॅस किंवा हॅलिकोएरस जातीचा रॅस टँकमध्ये पडताक्षणी वाळूत गडप होतो, आणि तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही, बाहेर येत नाही. तो ज्या समुद्रातून आला तिथला दिवस-रात्र अजून त्याच्या अंगात असतो, त्यामुळे आपल्या मध्यरात्री बाहेर येऊन फेरी मारून जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. 'मेला असेल, पाणी खराब करेल' म्हणून वाळू उकरणारे बरेच भेटतात. उकरू नका. अमोनिया तपासा, शून्य असेल तर दुसरं काही करायची गरज नाही.

क्लाउनफिश डुलत डुलत पोहतो, कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ तिरका होऊन झोपतो, आणि मोठ्या जोडीदारापुढे अंग थरथरवतो. ती थरथर म्हणजे शरणागती, झटका नव्हे. पण त्याच क्लाउनच्या अंगावरून पांढरट चिकटा सुटत असेल, कातडीचे पापुद्रे निघत असतील आणि श्वास वाढला असेल, तर तो ब्रुकलिनेला हा परजीवी. यात एक-दोन दिवसांतच मासा जातो, म्हणून 'उद्या बघू' म्हणू नका.

दगडाला अंग घासणं दिवसातून एखाद-दोन वेळा झालं तर सोडून द्या. मिनिटा-मिनिटाला घासत असेल तर परजीवी किंवा अमोनिया, यातलं एक नक्की शोधा.

एक साधा नियम पाळा: रंग आणि चाल यांचा निर्णय दिवे लागून अर्धा तास झाल्यावरच घ्यायचा.

पिशवीतल्या पाण्यात तासभर थेंब-थेंब

मासा सोडतानाच झालेलं नुकसान दोन दिवसांनी आजारासारखं दिसतं. दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला सावकाश थेंब पद्धतीने (पिशवीच्या पाण्यात टँकचं पाणी थेंब-थेंब मिसळत) सोडलं तर बिघडत नाही. पण चेन्नई किंवा कोचीहून रात्रभर बंद पिशवीत आलेल्या माशाची गोष्ट वेगळी आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात मासा तासभर ठेवणं म्हणजे कल्ले भाजणं.

यावर उपाय म्हणजे विक्रेत्याला आधीच क्षारता, म्हणजे विशिष्ट गुरुत्वाने मोजलेला पाण्याचा खारटपणा, विचारणं. बरीच दुकानं १.०१८ ते १.०२० वर पाणी ठेवतात आणि आपला रीफ (प्रवाळांचा) टँक १.०२५ वर असतो. क्वारंटाइन टँकची (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टँकची) क्षारता दुकानाइतकी ठेवा, पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, मासा सोडा, पिशवीतलं पाणी फेका. क्षारता नंतर काही दिवसांत हळूहळू वाढवा.

दोन दिवस खाल्लं नाही म्हणून टँकभर खाणं

दोन-तीन दिवस उपास चालतो. न खाल्लेलं अन्न कुजून वाढणारा अमोनिया मात्र चालत नाही. उपाशीपोटी हिंडणाऱ्या माशाचं पोट आणि डोक्यामागची पाठ बघा. पोट खपाटीला गेलं आणि पाठ धारदार दिसायला लागली तर तिथून वेळ कमी उरतो. मँडरिन बऱ्याचदा तयार खाणं घेतच नाही, त्याला दगडांवरचे सूक्ष्म जीव लागतात. तो आजारी नसतो, उपाशी मरत असतो. कॉपरबँड बटरफ्लायला बाजारातली तिसरी (शिंपला) अर्धवट उघडून वाळूवर ठेवून बघा; आधी गोठवलेली बरी, सोबत नको ते पाहुणे येत नाहीत. आणि खरेदीआधी दुकानदाराला सांगा, 'माझ्यासमोर खाऊ घाला.' टाळाटाळ झाली तर मासा तिथेच राहू दे.

ठिपके गेले म्हणजे बरा झाला

व्हाइट स्पॉटचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशावर ३ ते ७ दिवस खातो आणि गळून पडतो. मासा स्वच्छ दिसतो, मालक लसणाला किंवा कुठल्याशा टॉनिकला श्रेय देतो. तोवर खाली वाळूत, दगडावर त्याचे कोष फुटायची वाट बघत असतात. बहुतेक कोष ३ ते २८ दिवसांत फुटतात, काही त्याहून बरेच उशिरा. पुढची फेरी पहिल्यापेक्षा मोठी असते. म्हणूनच मासे बाहेर काढून मुख्य टँक ७६ दिवस रिकामा ठेवायची पद्धत छंदात रूढ आहे.

याचा एक उलटा फायदाही आहे. एखादा ठिपका आठवडाभर त्याच जागी तसाच बसलेला असेल तर तो व्हाइट स्पॉट नाही. वाळूचा कण, जुनी जखम किंवा लिम्फोसिस्टिस असू शकतो. लिम्फोसिस्टिसच्या गाठी फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या, बहुधा परांच्या कडेला येतात. तो विषाणू आहे, त्यावर औषध नाही, चांगलं खाणं आणि स्थिर पाणी मिळालं की बहुतेक वेळा आपोआप जातो. औषधाने मात्र मासा खंगतो.

डोळा सुजला असेल तर दुसरा बघा. एकच सुजला असेल तर बहुधा मार लागलाय, दोन्ही सुजले असतील तर आतला संसर्ग किंवा पाण्याचा दोष.

मुख्य टँकमध्ये औषध

कॉपर, म्हणजे परजीवींवरचं तांब्याचं औषध, प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं, शिवाय दगड आणि वाळू ते शोषतात, म्हणून मात्रा टिकत नाही. गोड्या पाण्याच्या दुकानातली व्हाइट स्पॉटची निळी-हिरवी बाटलीही इथे नको. ४०-५० लिटरचा साधा टब, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि अमोनिया टेस्ट किट, एवढ्यात उपचाराचा टँक होतो. कॉपर टेस्ट किट नसेल तर कॉपर विकत घेऊ नका. आयोनिक (मोकळ्या) कॉपरची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते, चिलेटेडची (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्याची) जवळपास दहापट. बाटली कोणती आहे हे न बघता दुसऱ्याचा आकडा उचलला की मासा तरी मरतो नाहीतर परजीवी तरी वाचतो. अमोनिया बांधणारं रसायनही कॉपरसोबत टाकू नका.

फ्लूकचा संशय असेल तर पाच मिनिटांची गोड्या पाण्याची डुबकी निदानही करते आणि थोडा आरामही देते. तापमान आणि पीएच टँकशी जुळवलेलं, क्लोरीन नसलेलं, हवा सोडलेलं पाणी घ्या. फ्लूक पांढरे पडून तळाशी गळतात, म्हणून भांडं गडद रंगाचं असू द्या.

सल्ला विचारायचा असेल तर निळे दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात ३० सेकंदांचा व्हिडिओ काढा, कारण निळ्या उजेडात निरोगी मासाही ठिपकेदार दिसू शकतो. सोबत क्षारता, तापमान, अमोनिया, मासा कधी आला आणि श्वासाचे रोजचे आकडे पाठवा. 'भाऊ, मासा सुस्त आहे, काय टाकू?' एवढ्यावर जो लगेच औषधाचं नाव सांगतो, त्याचा नंबर जपून ठेवायची गरज नाही.