‘किती गोल खाल्ले’ यावरचे भाव वाचताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळच्या कट्ट्यावर रात्रीच्या फुटबॉलची चर्चा निघाली की कुणीतरी मोबाइलवरचे पैजेचे भाव (एक रुपया लावून जिंकलं तर किती रुपये परत, तो आकडा) वाचून दाखवतोच. आधी एक खुलासा. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली आहे. तेव्हा पैसे कुठे लावायचे हे इथे सापडणार नाही. आकडा नेमका कशाबद्दल बोलतोय, एवढंच पाहू.

क्लीन शीट आणि ‘गोल न खाता विजय’ एकच समजणं

क्लीन शीट म्हणजे संघाने सामन्यात एकही गोल न खाणं. सामना ०-० सुटला तर दोन्ही संघांची क्लीन शीट झाली, पण ‘गोल न खाता विजय’ कुणाचाच नाही. म्हणून दुसऱ्याचा भाव नेहमी चढा असतो. तो चढा दिसला की लोकांना घबाड सापडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तिथे दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

८ जुलै २०१४चा बेलो होरिझोंतेचा ब्राझील-जर्मनी वर्ल्ड कप उपांत्य सामना आठवा. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून दीड वाजला होता. ७९व्या मिनिटाला जर्मनी ७-० पुढे. ९०व्या मिनिटाला ऑस्करने ब्राझीलचा एकमेव गोल केला आणि जर्मनीची क्लीन शीट गेली. ‘गोल न खाता विजय’ही गेला. ‘दोन्ही संघ गोल करतील’ ही पैज मात्र खरी ठरली. सहा गोलांचा फरक असूनही!

सरासरीवर विसंबणं

त्याच ब्राझीलने आधीच्या पाच सामन्यांत मिळून फक्त ४ गोल खाल्ले होते, म्हणजे सामन्याला ०.८. पण त्या रात्री बचावाचा कणा थियागो सिल्वा पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होता. रावेरात केळीचा महिन्याचा सरासरी भाव सांगून आजची गाडी कुणी भरत नाही. इथे मात्र तेच चालतं. घरच्या आणि बाहेरच्या मैदानाचे आकडे वेगळे काढा. पाच-सहा सामन्यांवरून निष्कर्ष काढू नका.

सरासरीवरून शक्यता काढायची ढोबळ रीत आहे, तिला प्वासाँची पद्धत म्हणतात. आज समोरच्या संघाकडून सरासरी ०.५ गोल अपेक्षित असेल तर क्लीन शीटची शक्यता सुमारे ६१ टक्के, १ असेल तर ३७, १.५ला २२ आणि २ला साडेतेरा. म्हणजे सरासरी १ आहे म्हणून दर सामन्यात गोल खाल्लाच जाईल असं नाही. गोल एकमेकांशी संबंध नसल्यासारखे पडतात, हे या पद्धतीचं गृहीतक. बेलो होरिझोंतेला २३ ते २९ या मिनिटांत चार गोल पडले, तिथे ते कोलमडतं. संघ एकदा खचला की पुढचा गोल सोपा होतो.

भावालाच शक्यता मानणं

‘दोन्ही संघ गोल करतील’ला ‘हो’ १.८० आणि ‘नाही’ १.९५ असा भाव धरा. १००ला भावाने भागा: ५५.६ आणि ५१.३. बेरीज जवळपास १०७ येते. वरचे सात म्हणजे भाव देणाऱ्याची कमाई. ५५.६ला १.०७ने भागलं की ‘हो’ची खरी शक्यता उरते ती ५२ टक्के. हा भागाकार बहुतेक जण करतच नाहीत.

वेळ आणि रेषा न पाहणं

बहुतेक मार्केट, म्हणजे पैजेचे प्रकार, ९० मिनिटं आणि इंज्युरी टाइम एवढ्यावर मिटतात. एक्स्ट्रा टाइम त्यात नसतो. २०२२च्या वर्ल्ड कप अंतिम सामन्यात अर्जेंटिना-फ्रान्स ९० मिनिटांनंतर २-२ आणि एक्स्ट्रा टाइमनंतर ३-३ होते. ‘अर्जेंटिना अडीचपेक्षा जास्त गोल खाईल’ याचं उत्तर त्यामुळे ‘नाही’.

रेषा म्हणजे ‘यापेक्षा जास्त की कमी गोल’ असा ठरवलेला आकडा. ती १.५ असेल तर हो किंवा नाही, मधलं काही नाही. १.० असेल आणि नेमका एकच गोल झाला तर रक्कम परत. १.२५ म्हणजे अर्धी रक्कम १.०वर, अर्धी १.५वर, ‘जास्त’ म्हटलं आणि एकच गोल झाला तर अर्धी परत, अर्धी बुडाली. स्वयंगोल, म्हणजे आपल्याच जाळ्यात मारलेला गोल, खाल्लेल्या गोलातच धरतात.

संघाची अधिकृत यादी सामन्याच्या साधारण तासभर आधी येते. त्यात गोलकीपर किंवा मधला बचावपटू बदललेला दिसला, तर आदल्या रात्री केलेलं गणित पुन्हा करावं लागतं.