मागच्या चाकांचं अलाइनमेंट दोरी लावून घरीच कसं बघायचं

अलाइनमेंट करून आणलं तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकंच राहतंय आणि मागचा टायर आतून खातोय, असं असेल तर पुढची चाकं सोडा, मागे बघा. माझ्या जुन्या सिव्हिकचं दोनदा अलाइनमेंट झालं, दोन्ही वेळा फक्त पुढचं. मागची दोन चाकं मिळून ज्या दिशेला बघतात तिकडेच गाडी जायला बघते, मग ती सरळ चालवायला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं.

आधी गाडी कोणती ते बघा. स्विफ्ट, आय ट्वेंटी, सिटी अशा गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा लोखंडी बीम असतो, त्यात फिरवायला काही बोल्टच नाही, चुकलं असेल तर बीम वाकलाय, नाहीतर बुश (जोडावरचा रबरी तुकडा) किंवा बेअरिंग गेलंय. कोणी बीम गरम करून सरळ करून देतो म्हणाला तर अजिबात करू नका, लोखंडाची ताकद जाते. सिव्हिकसारख्या मल्टीलिंक गाडीत, म्हणजे मागचं प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मवर (दांड्यांवर) धरलेलं असतं तिथे, खालच्या आर्मला कॅमवाला बोल्ट असतो, कॅम म्हणजे मध्य एका बाजूला असलेली चकती. तो फिरवला की टो, म्हणजे चाक पुढून आत किंवा बाहेर किती वळलंय ते, बदलतो.

मोजायच्या आधी चारही टायरमधे हवा सारखी करा, डिक्कीतलं जादा सामान काढा, चाक हलवून बेअरिंगला खेळ आहे का बघा, खेळ असेल तर पुढचं सगळं मोजणं फुकट. जागा सपाट पाहिजे. गाडी गिअरमधे ठेवा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा. मागच्या प्रत्येक टायरखाली ग्रीस लावलेले दोन प्लास्टिकचे जाड कागद एकावर एक ठेवा, म्हणजे चाक मोकळं सरकतं, आणि डिक्की तीनचार वेळा दाबून सोडा.

आता गाडीच्या दोन्ही बाजूंनी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीवर नायलॉनची दोरी ताणून बांधा. इथे घाई करू नका, सगळा खेळ यावरच आहे. दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखंच पाहिजे, आणि डाव्या हबपासून दोरी जितकी लांब तितकीच उजव्या हबपासून, हबपासूनचं हे माप पुढे वेगळं आलं आणि मागे वेगळं तरी चालेल कारण पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. पुढचं अंतर जास्त म्हणजे टो इन, चाक पुढून आत वळलेलं. १५ इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे साधारण ०.१५ डिग्री. मागे थोडा टो इन हवा असतो, किती ते गाडीच्या मॅन्युअलमधे बघा, पण डावा उजवा सारखा पाहिजे. कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलंय ते बघायला गवंड्याचा ओळंबा रिमसमोर सोडा.

फिरवायच्या आधी कॅमवर पेंटने खूण करा. बोल्ट गंजलेला असतो, त्यामुळे आदल्या रात्रीच गंजतेल मारून ठेवा. गाडी चाकांवरच राहू द्या, नुसत्या जॅकवर उचलून खाली हात घालू नका. नट सैल करून कॅम अगदी थोडा फिरवा, डिक्की दाबा, दोऱ्या हलल्या नाहीत ना ते बघा, परत मोजा. नट शेवटी कंपनीने दिलेल्या टॉर्कला (कसायच्या जोराच्या मापाला) कसा, तोही गाडीचं वजन चाकांवर असतानाच, नाहीतर बुश पिळून लवकर फाटतो. कसल्यावर परत मोजा, कसताना कॅम सरकतो.

मागचं जमल्यावरच पुढचं अलाइनमेंट करायचं, उलट केलं तर पुढचं परत करावं लागेल.