शुगरच्या जखमेसाठी ऑक्सिजन चेंबर: गावाकडून नागपूरला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

डॉक्टरनं बाबांच्या जखमेसाठी "हायपरबेरिक करून पाहा" (म्हणजे बंद चेंबरमधी दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा) म्हटलं तं आमच्या घरी पहिला प्रश्न, हे काय नवीन काढलं बाप्पा! नवीन काही नाही. 1870 च्या दशकात अमेरिकेत नदीतल्या पुलाचे पाये खोदणारे मजूर दाबलेल्या हवेच्या पेटीत उतरत अन् वर आले की सांध्याच्या दुखण्यानं लोळत. 1878 मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं कारण दाखवलं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन निघतो, गोटी सोडा फोडल्यासारखा. 1908 मध्ये हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं बकऱ्यांवर पाहून हळूहळू वर यायचं कोष्टक बनवलं. त्याच दाबात शुद्ध ऑक्सिजन दिला की तो रक्ताच्या पाण्यातच विरघळतो अन् जखमेपर्यंत पोचतो.

आता कामाचं. आधी डॉक्टरला विचारा, पायाची डॉपलर (नसांतून रक्त नीट वाहते का, ती तपासणी) झाली का, नस बंद असन तर आधी ते. छातीचा एक्स-रे सोबत न्या, फुफ्फुसाबाहेर हवा साचली असन तर चेंबरमधी जाताच येत नाही.

दाब साधारण 45 फूट पाण्याच्या विहिरीत तळाशी बसल्याएवढा. विहिरीत बुडी मारली की कान दाबतात न, तसंच. लाळ गिळा, नाक धरून हळूच फुंका, दुखलं तर लगेच सांगा, लाजू नका. सर्दी असली तर आधी सांगा, त्या दिवशी टाळलेलं बरं.

कपडे फक्त सुती, ऑक्सिजनमधी ठिणगी पडली तर खेळ खलास. डोक्याला तेल, बाम, मोबाईल, काडीपेटी सगळं बाहेर. बाबांच्या कमरेची तंबाखूची चुन्याची डबी तिसऱ्या दिवशीही निघाली! शुगर आत उतरू शकते, म्हणून जेवून जा, आधी मोजून घ्या.

एका वेळेला दीड-दोन तास, हप्त्यातून पाच दिवस, अशा 20 ते 40 बैठका. एसटीनं रोज येणं-जाणं जमत नाही, कापूस वेचणीच्या दिवसात तर नाहीच, नागपुरात खोली पाहा अन् एकूण खर्च आधीच लिहून घ्या. ड्रेसिंग अन् शुगर तसंच सांभाळावं लागते, चेंबर केलं म्हणून ते सोडता येत नाही.

कोविडनंतरचा थकवा, मेंदूचा मार यावर अजून अभ्यास सुरू आहे. "वय कमी होते" वाल्या जाहिरातींपायी वावर गहाण टाकू नका.

अन् हो, बऱ्याच बैठकांनंतर दूरचं धूसर दिसते, बहुतेकांचं काही हप्त्यांनी परत येते. आम्ही घाईनं बाबांना नवा चष्मा करून आणला, तो आता कपाटात पडून राहिला.