दक्षिण फ्रान्सच्या शांत खेड्यात आठवडाभर: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

प्रोव्हान्स या दक्षिण फ्रान्सच्या भागातलं खेडं पाहायचं असेल तर एकच गाव धरा आणि तिथे सलग सहा-सात रात्री राहा. तिथलं गाव दुपारी बारा-साडेबाराला बंद होतं ते तीन-साडेतीनला उघडतं. रविवार दुपारनंतर दुकानं मिटतात आणि सोमवारीही बरीच उघडत नाहीत. या वेळा अंगवळणी पडायलाच दोन दिवस लागतात. रोज नवं गाव धरलं तर जिथे जाल तिथे दारं बंदच दिसतील.

गाव निवडताना फोटोंवर जाऊ नका. ल्युबेराँ डोंगराजवळची गोर्द आणि रुसियों ही गावं सुंदरच आहेत, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे शांतता मिळत नाही. ती सकाळी लवकर जाऊन पाहून यावीत, मुक्काम मात्र दुसरीकडे करावा. मुक्कामाच्या गावात एक बेकरी (तिथे बुलांजरी म्हणतात) आणि एक छोटं किराणा दुकान हवं, आणि आठवडी बाजाराचं गाव पाच-सहा किलोमीटरच्या आत हवं. सेन्यों हे याचं चांगलं उदाहरण. कातळाच्या कडेला वसलेलं लहानसं गाव, आणि खाली चार-एक किलोमीटरवर आप्त. आप्तला शनिवारी मोठा बाजार भरतो आणि तिथली साखरेत मुरवलेली फळं प्रसिद्ध आहेत. बुकिंग करण्याआधी बेकरीची साप्ताहिक सुट्टी बघून ठेवा. नेमक्या त्या दिवशी पोचलात तर दुसऱ्या सकाळपर्यंत पावाचा तुकडा मिळायचा नाही.

मे ते मध्य जून आणि सप्टेंबर हा काळ सगळ्यात चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांवर जातो आणि भाडीही चढतात. लॅव्हेंडर हवंच असेल तर वालांसोलच्या पठारावर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत जा. सो हे गाव जास्त उंचीवर असल्याने तिथला बहर उशिरा येतो. तिथला लॅव्हेंडर उत्सव 15 ऑगस्टला असतो, पण तोवर बरीच शेतं कापून झालेली असतात. फुलं पाहायची असतील तर उत्सवाची तारीख धरून जाऊ नका. हिवाळ्यात अनेक खानावळी बंद असतात, त्यात उत्तरेकडून मिस्ट्राल नावाचा गार, जोरकस वारा सुटतो.

व्हिसा आणि घर

फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान 15 दिवस आधी तो करावाच लागतो. उन्हाळी हंगामात अपॉइंटमेंट पटकन संपतात, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करा. आपल्याला जवळचं केंद्र पुण्याचं. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 युरो, सेवाशुल्क वेगळं. प्रवास विम्यात किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

कागद अडतो तो बहुधा घराच्या पावतीवर. खेड्यातला घरमालक बुकिंग करणाऱ्या एकाच माणसाचं नाव लिहून पाठवतो. चौघं जाणार असाल तर चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे, घराचा पूर्ण पत्ता आणि तारखा असलेलं पत्र आधीच मागून घ्या.

घराचे दोन मुख्य प्रकार. ‘शांब्र दोत’ म्हणजे मालकाच्या घरातली खोली. कायद्याने अशा पाचच खोल्या आणि पंधराच पाहुणे ठेवता येतात, आणि नाश्ता, चादरी, टॉवेल भाड्यात धरलेले असतात. ‘झीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह आख्खं घर. आपल्या लोकांना आठवडाभरासाठी झीतच बरं, कारण दोन वेळचं बाहेरचं जेवण खिशाला आणि पोटाला दोन्हीला जड जातं. पण तिथे चादरी, टॉवेल आणि शेवटची सफाई यांचे पैसे पुष्कळदा वेगळे असतात, अनामत रक्कम असते आणि माणशी पर्यटन करही असतो. हे चारही आकडे बुकिंगआधी लेखी विचारा. भर हंगामात झीत शनिवार ते शनिवारच मिळतं. किल्ली साधारण चार वाजल्यानंतर हातात येते, उशीर होणार असेल तर मालकाला कळवा. घरी जाण्याआधी सुपरमार्केटमधून दोन दिवसांचं सामान भरा, कारण दुसरा दिवस रविवार.

पोचायचं कसं

महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा रात्रीच्या बसने मुंबई गाठा, पण विमान आणि कोल्हापूरची गाडी यांच्यात किमान अर्धा दिवस मोकळा ठेवा. पावसाळ्यात घाटात काय होईल ते सांगता येत नाही. मुंबई-पॅरिस थेट विमानाला नऊ-दहा तास लागतात. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर टर्मिनल 2 मध्येच रेल्वे स्टेशन आहे. तिथून प्रोव्हान्समधल्या आविन्यों शहराला थेट टीजीव्ही (वेगवान रेल्वे) मिळते, पॅरिस शहरात जायची गरज नाही. पासपोर्ट तपासणी आणि बॅगांसाठी विमान उतरल्यापासून निदान तीन तास सोडूनच रेल्वेचं तिकीट काढा.

आविन्योंला दोन स्टेशनं आहेत. टीजीव्हीचं स्टेशन शहराबाहेर, दुसरं तटबंदीजवळ. दोन्हींमध्ये पाच-सहा मिनिटांची लोकल धावते. पुढे आप्तपर्यंत ‘झू’ या प्रादेशिक सेवेची बस सव्वा-दीड तास घेते. वेळापत्रक वाचताना तळटीप चुकवू नका. खेड्यांकडच्या काही फेऱ्या फक्त शाळा चालू असतानाच धावतात, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी फेऱ्या तुरळक असतात. थांब्यावर तासभर उभं राहणाऱ्यांनी बहुधा हीच ओळ वाचलेली नसते.

आजूबाजूची गावं फिरायची तर भाड्याची गाडी हवी. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो आणि मूळ लायसन्सही सोबत लागतं. अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर काउंटरवरून परत पाठवू शकतात. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच तशी नोंद करा, एरवी गिअरची मिळते. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, आणि खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो बोळातून येत असला तरी. नवख्यांचे अपघात इथेच होतात. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 80 किलोमीटर, गावात 50. पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, ते पेट्रोल गाडीत भरू नका. जुन्या गावातले बोळ फार अरुंद असतात. गाडी पायथ्याच्या पार्किंगमध्ये लावून चालत चढा.

खाणं

भारतातून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. त्यामुळे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही नेऊ नका. कांदा-लसूण चटणी, कोरडे मसाले आणि गूळ चालतो. चटणी दोन पिशव्यांत नीट सील करून चेक-इन बॅगेत टाका. तांदूळ, मसूर, हरभरे तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही, म्हणून शेगडी कुठली आहे ते मालकाला विचारा. आणि फोडणीआधी खिडकी उघडा. 2015 पासून फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे, आणि आपल्या मिरचीच्या फोडणीने तो वाजतोच.

बाहेर जेवायचं तर दुपारी 12 ते दीड आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ याच वेळा. पावणेदोनला स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, विनवणीचा उपयोग होत नाही. ‘काराफ दो’ मागितलं की जेवणासोबत साधं पाणी फुकट मिळतं. चौकातल्या कारंज्यावर ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. शाकाहारी मंडळींनी तापेनाद या ऑलिव्हच्या चटणीत अँकोव्ही मासा असतो हे लक्षात ठेवावं. कीश (अंड्याचा खारा पाय), सॅलड आणि फुगास पावातही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. ‘सां व्यांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नको, असं दोन्ही स्पष्ट सांगा. रातातुई ही मिश्र भाजी नि:शंक खा. नीसकडे गेलात तर हरभऱ्याच्या पिठाचा सोक्का जरूर खा, चवीला तो आपल्या बेसनाच्या धिरड्याजवळ जातो. मांसाहारी मंडळींनी मटण-बीफ मागवताना ‘ब्यँ क्वी’, म्हणजे पूर्ण शिजलेलं, असं सांगितलं नाही तर ताटात आतून लाल तुकडा येतो.

गावात वागताना

दुकानात, बसमध्ये, बेकरीत शिरताच आधी ‘बाँजूर’, मग मागणी. हे न म्हणता थेट किंमत विचारली की समोरचा आखडतो, आणि आपल्याला वाटतं लोक तुसडे आहेत. बाजारात फळं स्वतः निवडू नका, विक्रेत्याला सांगा. आज खायची की उद्या हे तो आपणहून विचारतो आणि त्याप्रमाणे पिकलेलं देतो. थोडी रोकड जवळ ठेवा. लहान गावात एटीएम नसतं आणि बाजारात सगळीकडे कार्ड चालत नाही.

रात्री दहा ते सकाळी सात मोठ्याने बोलणं, गाणी टाळा. दगडी बोळात आवाज घुमतो. चर्चची घंटा किंवा पहाटेचा कोंबडा यांची तक्रार मात्र करू नका. 29 जानेवारी 2021 च्या कायद्याने गावाकडचे आवाज आणि वास हा ग्रामीण वारसा मानला आहे. पेताँक हा धातूच्या गोळ्यांचा खेळ खेळणाऱ्यांच्या आखाड्यातून आडवं चालू नका. बाजूला उभं राहून बघितलं की पुष्कळदा तेच हाताला गोळा देतात. डाव 13 गुणांचा असतो.

डोंगरात चालायचं तर पिवळ्या पट्ट्यांची वाट जवळपासच्या फेरफटक्याची, पांढऱ्या-लाल पट्ट्यांची लांब पल्ल्याची. फुली दिसली तर वाट चुकली. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे जंगल दिवसापुरतं बंद करतात, म्हणून आदल्या संध्याकाळी पर्यटन कार्यालयात किंवा प्रशासनाच्या नकाशावर खात्री करा. मेंढ्यांच्या कळपाजवळ मोठा पांढरा राखणदार कुत्रा दिसला तर पळू नका, काठी उगारू नका, कळपाला लांबून वळसा घाला. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक रंगाचे कपडे घाला. अडचणीत 112 लावा.

निघायच्या दिवशी घर बहुधा सकाळी दहापर्यंत रिकामं करावं लागतं. आदल्या रात्रीच काचेच्या बाटल्या वेगळ्या डब्यात आणि उरलेला कचरा गावाच्या सामाईक कुंडीत टाकून या, शेगडीवरचे तेलाचे डाग पुसा. मालक घर बघायला येतो तेव्हा अनामत परत करण्याचा निर्णय प्रामुख्याने स्वयंपाकघर पाहूनच होतो.